गुडघ्यातली फुली

आम्ही आठवीत होतो तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत आमच्या शाळेची दहावीतली एक मुलगी चढाईला गेली होती. अजून कोणी तिला धरलेही नव्हते. पकड चुकवण्यासाठी तिने एका पायावर झटकन गिरकी घेतली आणि ती जागच्या जागी खाली बसली. ‘आतून कट् असा आवाज आला’, असे ती नंतर सांगत होती. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. क्ष-किरण चित्रात हाड शाबूत दिसले, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेल चोळून झाले, पट्टी बांधून झाली. दीड महिन्यात सूज उतरली, ती नीट चालू लागली आणि मैदानावरही परतली. पहिल्याच सामन्यात गुडघा पुन्हा ‘निसटला’. त्यानंतर ती कधी खेळली नाही.

हाड मोडले नव्हते, मग मोडले होते तरी काय? पुढे शरीरशास्त्राचे ग्रंथ वाचताना आम्हाला याचे उत्तर मिळाले आणि आश्चर्यही वाटले. कारण आवाज, सूज आणि पाय निकामी होणे या तीन खुणांवरून गुडघ्याच्या आतली दुखापत ओळखता येते, हे १८४५ साली छापून आलेले होते. म्हणजे आमच्या त्या सामन्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी. ते ज्ञान तालुक्याच्या मैदानापर्यंत पोचले नव्हते इतकेच. गंमत अशी, की ते मोठमोठ्या शल्यचिकित्सकांपर्यंतही पुष्कळ काळ नीट पोचले नव्हते. गुडघ्याच्या या दुखापतीचा इतिहास पाहिला, तर कळलेली गोष्ट पुन्हा विसरली जाण्याचे असे प्रसंग अनेकदा भेटतात. तो इतिहास आपण पाहू या.

दोन बोटांचा प्रयोग

आधी गुडघ्याची रचना. खुर्चीवर बसा. उजव्या हाताचे मधले बोट तर्जनीवरून पुढच्या बाजूने आडवे टाका आणि तो हात, बोटे खाली करून, उजव्या गुडघ्यावर ठेवा. तुमच्या दोन बोटांची जशी फुली झाली आहे, तशीच फुली गुडघ्याच्या आत, मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्या मध्ये आहे. वर असलेले मधले बोट म्हणजे पुढचा फुलीबंध आणि खालची तर्जनी म्हणजे मागचा फुलीबंध. वर्गात हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा. डाव्या गुडघ्यासाठी डावा हात वापरायचा, म्हणजे दिशा बरोबर येते.

हाडाला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. गुडघ्यात महत्त्वाचे अस्थिबंध चार. दोन बाजूंना दोन, आणि आत फुलीचे दोन. डॉक्टर ज्याचा उल्लेख ‘ए.सी.एल.’ असा करतात तो यांतला पुढचा फुलीबंध. त्याची लांबी सुमारे तीन सेंटीमीटर, रुंदी सुमारे एक सेंटीमीटर. नडगी मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि गिरकी घेताना जास्त पिळली जाऊ नये, हे त्याचे काम. १९९१ साली वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण माणसांच्या शवांतील हा बंध ओढून तोडून पाहिला. तो तुटायला सरासरी २१६० न्यूटन बल लागले. सुमारे २२० किलो वजन टांगावे, तेवढे हे बल आहे. साठीच्या पुढच्या शवांत मात्र तो ६५८ न्यूटनलाच तुटला.

इतका मजबूत दोर नुसत्या गिरकीने कसा तुटतो? याचे उत्तर मिळायला फार काळ जावा लागला. त्याकडे आपण नंतर येऊ.

मल्लांचा वैद्य आणि दोघे भाऊ

दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील पर्गमम या नगरात गॅलेन नावाचा वैद्य होता. रोमन काळात करमणुकीसाठी एकमेकांशी प्राणघातक झुंजी खेळणाऱ्या ग्लॅडिएटर योद्ध्यांवर उपचार करणे हे त्याचे काम. खेळाडूंचा वैद्य म्हणून इतिहासात ज्यांची नावे येतात, त्यांत तो अगदी सुरुवातीचा. उघड्या जखमांतून सांध्यांचे आतले भाग पाहण्याची संधी त्याला मिळाली. त्याच्या आधी हे पांढरे दोर मज्जातंतूंच्याच जातीचे आहेत, असे समजले जाई. गॅलेनने सांगितले, की हे तसे नसून सांध्याला जागेवर धरून ठेवणारे बंध आहेत. फुलीसारख्या बंधांचे वर्णनही त्याच्या नावावर आहे.

यानंतर जवळजवळ सतराशे वर्षे या विषयात फारशी भर पडली नाही. १८३६ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथून विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांचे, माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. यांतल्या विल्हेल्म वेबरचे नाव विज्ञानशिक्षकांना परके नाही. चुंबकीय अभिवाहाचे एकक ‘वेबर’ हे त्याच्याच नावावरून आले. भौतिकीतला एक भाऊ आणि शरीररचनेतला दुसरा, अशी ही जोडी. एकेक बंध कापायचा आणि सांध्याची कोणती हालचाल मोकळी होते ते पाहायचे, अशी त्यांची साधी पद्धत होती. फुलीबंध कापले, की नडगीचे हाड मांडीच्या हाडाखाली पुढे-मागे घसरू लागते, हे त्यांनी दाखवले. गुडघा दारातल्या बिजागरीसारखा नुसता फिरत नाही, तर मांडीचे हाड नडगीवर लोळते आणि त्याच वेळी घसरतेही, हेही त्यांनी नोंदवले.

तीन खुणा, ज्या विसरल्या गेल्या

आता १८४५ सालाकडे येऊ. फ्रान्समधील ल्यों शहरात आमेदे बॉने नावाचे शल्यचिकित्सक होते. शवांचे गुडघे मुद्दाम पिळून, वाकवून कोणता बंध कधी तुटतो हे त्यांनी पाहिले आणि ते निरीक्षण रुग्णांच्या लक्षणांशी ताडले. त्यांचा निष्कर्ष असा: हाड मोडलेले नसेल, पण दुखापतीच्या क्षणी आवाज आला असेल, सांध्यात रक्त साठून सूज आली असेल आणि पाय कामातून गेला असेल, तर गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आहे असे समजावे. बॉने यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. सांधा फार काळ जखडून ठेवला तर आतल्या कूर्चेचे नुकसान होते, म्हणून लवकर हलकी हालचाल सुरू करावी. पाय हलवण्यासाठी त्यांनी यंत्रेही तयार केली होती.

तीस वर्षांनी, १८७५ साली, नूलिस या मूळच्या ग्रीक विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये प्रबंध सादर केला. त्यात बंध तुटला आहे की नाही हे हातांनी तपासण्याची एक रीत आहे. गुडघा किंचितच वाकवायचा, एका हाताने मांडी पक्की धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहायची. ती नेहमीपेक्षा जास्त पुढे आली तर बंध तुटलेला आहे.

या दोन्ही गोष्टींचे पुढे काय झाले? नूलिसची रीत मागे पडली. तिच्याऐवजी गुडघा काटकोनात वाकवून नडगी ओढण्याची रीत रूढ झाली. ताज्या दुखापतीत सुजलेला, दुखणारा गुडघा काटकोनात वाकत नाही. वाकलाच, तरी मांडीमागचे स्नायू आखडून नडगीला धरून ठेवतात. त्यामुळे तुटलेला बंधही अनेकदा शाबूत वाटे. शेवटी १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील टॉर्ग यांनी, आपले ज्येष्ठ सहकारी जॉन लॅकमन यांच्या नावाने एक चाचणी प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरली जाते. वर्णन वाचले तर ती नूलिसचीच रीत आहे. मध्ये एकशे एक वर्षे गेली होती.

बॉने यांच्या खुणांचेही तसेच झाले. सांध्यात दुर्बीण घालून पाहण्याचे तंत्र जपानमध्ये वाढले. टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहण्याची दुर्बीण एका शवाच्या गुडघ्यात घालून पाहिली. पुढे मासाकी वातानाबे यांनी या दुर्बिणीला व्यवहारात चालेल असे रूप दिले. १९८० साली अमेरिकेतील नॉइस आणि सहकाऱ्यांनी, दुखापतीनंतर लगेच रक्त साठून सुजलेले ८५ गुडघे या दुर्बिणीतून तपासले. त्यांपैकी ७२ टक्के गुडघ्यांत पुढचा फुलीबंध फाटलेला होता. ‘साधा मुरगळा’ म्हणून जे गुडघे घरी पाठवले जात होते, त्यांतल्या बहुतेकांचे निदान चुकत होते.

शिवून का जुळत नाही?

दोर तुटला तर शिवून टाकावा, हा विचार कोणाच्याही मनात येईल. १८९५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉब्सन यांनी एका ४१ वर्षांच्या खाणकामगाराचे दोन्ही फुलीबंध शिवले. त्याच वर्षी राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला. पण त्या किरणांना बंध दिसत नाहीत, हे आपण सुरुवातीच्या गोष्टीत पाहिलेच. सहा वर्षांनी तो कामगार न लंगडता चालत होता. १९०३ साली ही हकिकत प्रसिद्ध झाली.

एका रुग्णावरून नियम ठरत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. हे शल्यचिकित्सेला फार महागात शिकावे लागले. १९५० साली अमेरिकेतील ओडोनोह्यू यांनी फुटबॉलपटूंच्या ताज्या दुखापतींत लवकर शस्त्रक्रिया करून बंध शिवावेत, असा आग्रह धरला. तो अनेकांनी उचलला. अमेरिकी लष्कराच्या वेस्ट पॉइंट अकादमीत फीगिन यांनी तरुण छात्रांचे फुलीबंध शिवले. दोन वर्षांनंतरचे निकाल चांगले होते. मात्र फीगिन तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पाच वर्षांनी त्याच छात्रांना पुन्हा तपासले. बहुतेकांचे गुडघे पुन्हा निसटू लागले होते. १९७६ साली त्यांनी आणि कर्ल यांनी हे अपयश प्रामाणिकपणे छापले. ते छापले नसते, तर आणखी किती गुडघे व्यर्थ शिवले गेले असते कोण जाणे.

शिवलेला बंध जुळत का नाही? बोट कापले तर तिथे रक्ताची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे दुरुस्तीची पहिली परात. तिच्या आधाराने पेशी येतात, रक्तवाहिन्या येतात, नवी ऊती तयार होते. गुडघ्याच्या बाजूचा बंध फाटला, तर तो अशाच रीतीने पुष्कळदा आपोआप भरून येतो. फुलीबंध मात्र सांध्याच्या आत आहे. तिथल्या वंगणासारख्या द्रवात गुठळी टिकत नाही, विरघळून जाते. परातच कोसळली तर गवंडी उभे राहणार कुठे?

कलम

शिवण टिकत नसेल तर दुसरा दोर बसवावा. ही कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळातली. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे हे ग्रोव्हज यांनी १९१७ साली मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी काढून घेतली, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे पाडले आणि मूळ बंधाच्या वाटेने ती पट्टी ओवून घेतली. आजच्या शस्त्रक्रियेचे तत्त्व हेच आहे. तरीही ते सर्वत्र मान्य व्हायला साठ वर्षे लागली. १९६३ साली केनेथ जोन्स यांनी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा, हाडाच्या तुकड्यासह, वापरला. पुढे मांडीमागच्या स्नायूंच्या कंडरा वापरण्याची पद्धतही रूढ झाली. १९८० पासून हे काम दुर्बिणीतून, लहान छेदांतून होऊ लागले.

याच सुमारास काहींना वाटले, की शरीरातली कंडरा तरी कशाला कापायची? कृत्रिम दोर वापरावा. कार्बनचे तंतू, पॉलिएस्टर, गोर-टेक्स असे अनेक पदार्थ वापरून पाहिले गेले. हे दोर पहिल्या दिवसापासून मजबूत होते आणि खेळाडूंना लवकर मैदानावर जाता येत होते. पण गुडघा वर्षाला लाखो वेळा वाकतो. दोर झिजले, तुटले, त्यांच्या कणांनी सांध्याला सूज आणली. गोर-टेक्सच्या बंधाला अमेरिकेत १९८६ साली परवानगी मिळाली होती; १९९० च्या दशकात तो बाजारातून गेला.

जिवंत कंडरेचे काय होते, हे १९८६ साली अ‍ॅमिएल आणि सहकाऱ्यांनी सशांवर तपासले. हापूसचे कलम बांधणाऱ्या कोकणातल्या माणसाला ही गोष्ट चटकन समजेल. कापून आणलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यातल्या पेशी मरतात. उरतो तो तंतूंचा सांगाडा. मग भोवतालच्या ऊतीतून नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात शिरतात, जुने तंतू मोडून नवे विणतात. हळूहळू कंडरेची अस्थिबंध होऊ लागते. सशांत सुमारे तीस आठवड्यांनी तिला बंधाचे रूप आले होते. माणसात याला अधिक काळ लागतो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बसवलेले कलम पहिल्या काही आठवड्यांत मजबूत होत जाण्याऐवजी आधी कमजोर होते. रुग्णाला बरे वाटू लागते ते नेमके त्याच दिवसांत. कृत्रिम दोराला जिवंत होण्यासाठी थांबावे लागत नाही, पण झीज भरून काढणेही त्याला येत नाही. कलमाला ते येते, मात्र त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

न ऐकणाऱ्या रुग्णांचा धडा

मग हा वेळ कसा काढायचा? १९७० आणि १९८० च्या दशकांत उत्तर होते: प्लास्टर. पाय सहा आठवडे जखडायचा, वजन टाकू द्यायचे नाही. कलम सांभाळले जाई. पण गुडघा आखडे, मांडीचा स्नायू वाळून जाई आणि काहींचा पाय पुढे कधीच सरळ होत नसे. सांधा जखडू नका, हे बॉने सांगून गेले होतेच. तेही विसरले गेले होते.

अमेरिकेतील इंडियानापोलिसचे शेलबर्न यांना मात्र एक विचित्र गोष्ट दिसली. काही रुग्ण सूचना पाळत नव्हते. ते आधीच पाय हलवत, वजन टाकत, चालत. शिस्तीत वागणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचे गुडघे लवकर सुधारत होते आणि कलमही सैल पडलेले नव्हते. दुसरा एखादा डॉक्टर त्यांच्यावर रागावला असता. शेलबर्न यांनी पद्धतच बदलली. पहिल्या दिवसापासून पाय पूर्ण सरळ करणे, सोसेल तेवढे वजन टाकणे, लवकर व्यायाम. १९९० साली त्यांनी आणि निट्झ यांनी हा कार्यक्रम प्रसिद्ध केला आणि प्लास्टरचे दिवस संपत आले.

पण लंबक दुसऱ्या टोकालाही जातो. लवकर हालचाल याचा अर्थ लवकर सामना असा घेतला जाऊ लागला. चार-सहा महिन्यांत खेळाडू मैदानावर दिसू लागले. नॉर्वेच्या ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या १०६ खेळाडूंची दोन वर्षे नोंद ठेवली. २०१६ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा: नवव्या महिन्यापर्यंत, मैदानावर परतणे एक महिना लांबवले तर पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. मांडीच्या स्नायूचे बळ आणि एका पायावरच्या उड्या यांच्या चाचण्यांत उत्तीर्ण न होता परतलेल्यांपैकी ३८ टक्के पुन्हा जखमी झाले. उत्तीर्ण होऊन परतलेल्यांपैकी फक्त ५.६ टक्के. हालचाल लवकर आणि सामना उशिरा, हे दोन्ही एकदम खरे आहे.

आपल्याकडचे उदाहरण कुस्तीपटू विनेश फोगाट यांचे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमधील लढतीत त्यांचा गुडघा जायबंदी झाला आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. शस्त्रक्रिया आणि दीर्घ व्यायामानंतर २०१८ साली त्यांनी राष्ट्रकुल आणि आशियाई, दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या गुडघ्याचा फुलीबंध तुटला. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. वजनाच्या नियमामुळे ती अंतिम कुस्ती त्यांना खेळता आली नाही, हा भाग वेगळा. अशा पुनरागमनामागे वैद्यकाइतकाच महिनोन्‌महिने चाललेल्या कंटाळवाण्या व्यायामाचा वाटा असतो, हे मुलांना सांगायला हवे.

चाळीस मिलिसेकंद

आता मघाचा प्रश्न. २१६० न्यूटन सोसणारा दोर नुसत्या गिरकीने कसा तुटतो? यातील बऱ्याच दुखापती कोणाचा धक्का न लागता होतात. २०१० साली कोगा आणि सहकाऱ्यांनी हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांच्या दहा दुखापतींच्या चित्रफिती एकेका चौकटीने तपासल्या. उडीवरून उतरताना किंवा दिशा बदलताना पाय जवळजवळ सरळ असतो, गुडघा आतल्या बाजूला कोसळतो आणि नडगी पिळली जाते. हे सारे पाऊल जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत घडते. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. ‘गुडघा चुकतो आहे’ हा संदेश जाऊन स्नायूने सावरेपर्यंत बंध तुटलेला असतो. म्हणून सावरण्याची तयारी पाऊल टेकण्याआधीच झालेली हवी. ती सवयीनेच होते.

इथे गॅलेनच्या आधीचे लोक पुन्हा आठवतात. हे दोर मज्जातंतूंच्या जातीचे आहेत, हे त्यांचे म्हणणे गॅलेनने खोडून काढले होते. १९८४ साली शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांना माणसाच्या फुलीबंधात संवेदना टिपणारी मज्जातंतूंची टोके सापडली. गुडघा कुठे आणि कसा वळला आहे, याच्या बातम्या पाठवण्याचे कामही हा बंध करतो. बंध तुटला की दोराबरोबर हा बातमीदारही जातो. डोलत्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम उपचारात का आले, ते यावरून कळते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. १९९५ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या नोंदींवरून आरेंट आणि डिक यांनी दाखवले, की सारख्याच खेळात ही दुखापत स्त्रियांना जास्त होते. फुटबॉलमध्ये दुपटीहून अधिक आणि बास्केटबॉलमध्ये सुमारे चौपट. शरीररचना, संप्रेरके, स्नायूंचे बळ अशी अनेक कारणे पुढे आली आहेत. मुलींना लहानपणापासून पळण्या-उड्या मारण्याचे शिक्षण कमी मिळते, याचाही विचार व्हायला हवा.

यातली आशादायक गोष्ट म्हणजे सवय शिकवता येते. २००५ साली नॉर्वेमध्ये ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी हँडबॉलच्या १२० क्लबांतील १५ ते १७ वर्षांच्या १८३७ खेळाडूंवर एक प्रयोग केला. निम्म्या क्लबांना सरावाआधी १५ ते २० मिनिटांचे ठराविक व्यायाम दिले: वळणे आणि उडीवरून उतरणे यांचे तंत्र, तोल, स्नायूंचे बळ. त्या क्लबांत गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती सुमारे निम्म्या झाल्या.

शेवटचे पान अजून लिहायचे आहे

बंध तुटला म्हणजे शस्त्रक्रिया झालीच पाहिजे का? स्वीडनमध्ये फ्रोबेल आणि सहकाऱ्यांनी १२१ तरुणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया आणि व्यायामोपचार. दुसऱ्याला आधी व्यायामोपचार, गरज पडली तरच पुढे शस्त्रक्रिया. २०१० साली निकाल आला: दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक नव्हता. दुसऱ्या गटातील ३९ टक्के लोकांना तोवर शस्त्रक्रिया करावी लागली. बाकीच्यांना लागली नाही. पाच वर्षांत ही संख्या निम्म्यावर गेली. म्हणजे शस्त्रक्रिया काहींना लागते, सर्वांना नाही. कोणाला लागेल हे खेळ, वय आणि गुडघा निसटतो की नाही, यांवर ठरते.

याच लोकांची चुंबकीय अनुस्पंदन (एम.आर.आय.) चित्रे फिल्बे आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासली तेव्हा दिसले, की ज्यांनी फक्त व्यायामोपचार घेतले अशा ३० जणांपैकी १६ जणांचा बंध दोन वर्षांत जुळून आल्याची चिन्हे होती. हा निष्कर्ष अलीकडे, २०२३ साली प्रसिद्ध झाला. फुलीबंध कधीच जुळत नाही, हे आम्ही मघाशी सांगितले ते पाठ्यपुस्तकातले वाक्य आता थोडे सैल करावे लागणार. अमेरिकेत बॉस्टनच्या मार्था मरे यांनी तर शिवण्याच्या जुन्या कल्पनेकडेच परत जाऊन, फाटलेल्या टोकांमध्ये रुग्णाच्याच रक्तात भिजवलेला कोलॅजेनचा स्पंज बसवला. विरघळून जाणाऱ्या गुठळीला त्यांनी आधार दिला. २०२० च्या डिसेंबरमध्ये या पद्धतीला तिथे परवानगी मिळाली. पाच वर्षांपलीकडचे निकाल काय सांगतात ते पाहायला हवे. फीगिन यांचा धडा विसरून चालणार नाही.

शाळेच्या मैदानावर मात्र यातल्या कशासाठीही थांबण्याची गरज नाही. खेळताना आतून आवाज आला, काही तासांत गुडघा सुजला आणि पायावर भार देववत नाही, तर मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. चोळू नये. कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. क्ष-किरण चित्र स्वच्छ आले, तरी बंध तपासायला सांगावे. कारण सूज उतरते, चालता येते, आणि सैल गुडघ्यावर पुन्हा खेळले तर मांडी-नडगीमधल्या गादीसारख्या चकत्या फाटतात. हे नुकसान भरून काढणे त्याहून अवघड.

दुसरी गोष्ट, खो-खो किंवा कबड्डीच्या सरावाआधीची पंधरा मिनिटे. मुलांना पायरीवरून खाली उडी मारायला सांगा आणि समोर उभे राहून पाहा. उतरताना गुडघे वाकतात का? की ते ताठ राहून एकमेकांकडे आत कोसळतात? ज्यांचे कोसळतात त्यांना मऊ उतरायला, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायला शिकवा. एका पायावर तोल, बैठका, खांबाला वळसा घालताना लहान पावले, हे सारे विनाखर्चाचे आहे. आमच्या त्या कबड्डीपटूच्या वेळी हे सांगायला मैदानावर कोणी नव्हते. तुमच्या मैदानावर तुम्ही आहात.